बाटल्यांचं झाड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात आम्ही सहा वर्षं राहिलो. शेजारच्या अंगणात सीडरचं एक वाळलेलं झाड होतं आणि त्याच्या प्रत्येक फांदीच्या टोकावर एकेक बाटली उपडी घातलेली होती. परत आल्यावर बागकाम करणाऱ्या मैत्रिणींना त्या झाडाचे फोटो दाखवले, त्यांनी पुढे पाठवले, आणि तेव्हापासून प्रश्न येतच आहेत. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बाटल्यांचं झाड म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलायना या पट्ट्यात, घरासमोर किंवा परसात एखाद्या झाडाच्या फांद्या छाटून त्यांच्या खुंटांवर रिकाम्या काचेच्या बाटल्या तोंड खाली करून अडकवतात. घराकडे काही वाईट येत असेल तर ते उंबऱ्यापर्यंत न पोचता बाटलीतच अडकावं, हा हेतू. ही पद्धत आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांची आहे. हे मुद्दाम पहिल्याच उत्तरात लिहिते, कारण सजावटीच्या फोटोंबरोबर जी माहिती फिरते तीतून नेमकं हेच गळून पडतं.

२. भूत बाटलीत अडकतं म्हणजे कसं? काय समजूत आहे?

तिकडच्या बोलीत अशा अतृप्त, त्रास देणाऱ्या आत्म्याला 'हेंट' म्हणतात. हेंट रात्री हिंडतो. चंद्रप्रकाशात रंगीत काच चमकते, त्या चमकेला भुलून तो बाटलीत शिरतो आणि त्याला बाहेरची वाट सापडत नाही. सकाळी ऊन बाटलीवर पडलं की तो आतल्या आत जळून जातो. हा सगळीकडे सांगितला जाणारा पाठ. काही घरांत थोडं वेगळं सांगतात: बाटलीला बूच मारायचं आणि ती वाहत्या पाण्यात सोडून द्यायची.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इथे मंत्र म्हणावा लागत नाही, कोणा जाणत्याला बोलावून दक्षिणा द्यावी लागत नाही. दुसऱ्याने टाकून दिलेली बाटली आणि दारातलं झाड एवढ्यावर घराचं रक्षण होतं. ज्यांच्या हातात स्वतःच्या मालकीचं जवळजवळ काहीच नव्हतं, त्यांनी जपलेली ही पद्धत आहे.

३. ही पद्धत मुळात आली कुठून?

सर्वात जास्त मान्य असलेलं उत्तर: मध्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोंगो लोकांकडून. त्यांचं जुनं राज्य आजच्या अंगोला, कोंगो प्रजासत्ताक आणि लोकशाहीवादी कोंगो प्रजासत्ताक या देशांच्या भागात होतं. येल विद्यापीठातले कलेतिहासाचे प्राध्यापक रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन यांनी १९८३ साली हा धागा सविस्तर मांडला आणि पुढचं बहुतेक लिखाण त्यांच्याच आधाराने झालं.

त्यांनी दाखवलेला एक पुरावा मला विशेष बोलका वाटतो. प्रोयार या फ्रेंच पाद्र्याने १७७६ साली लोआंगो राज्याबद्दल लिहिलं. लोआंगो म्हणजे कोंगो राज्याच्या उत्तरेचा किनारा. तिथले लोक पेरणी-मशागत झाली की शेतात ठरावीक झाडांच्या फांद्या रोवत आणि त्यांना फुटक्या मडक्यांचे तुकडे लावत. पीक बुडू नये, कोणी करणी केली तर ती लागू नये, यासाठी. म्हणजे फांदी आणि भांडं ही जोडी आधीपासूनच होती. अमेरिकेत मडक्याची जागा बाटलीने घेतली. कोंगो लोकांकडे 'न्किसी' नावाची वस्तूही असते. भांड्यात, पोटलीत किंवा मूर्तीत माती, मुळ्या, शिंपले भरून त्यात शक्ती बसवतात, असं ते मानतात. एखादी शक्ती भांड्यात धरून ठेवता येते ही कल्पना तिथे घरोघरी रुजलेली होती.

अटलांटिकपार थेट उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आणले गेलेले आफ्रिकी लोक सुमारे ४ लाख. त्यांतले जवळपास एक चतुर्थांश याच कोंगो-अंगोला किनाऱ्यावरून जहाजात कोंबलेले होते. साउथ कॅरोलायनात त्यांचं प्रमाण काही काळ याहून बरंच जास्त होतं. १७३९ साली तिथे स्टोनो नदीकाठी गुलामांचा जो उठाव झाला, त्याचे म्होरके कोंगो भागातलेच मानले जातात. त्यांना सामान बरोबर आणू दिलं नव्हतं. जे आलं ते डोक्यातून आलं.

४. 'नवव्या शतकापासून चालत आलेली प्रथा' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खरं का?

ते वाक्य एकमेकांवरून उतरवलेलं आहे, त्याला आधार कोणी देत नाही. पोर्तुगीज जहाजं कोंगो नदीच्या मुखाशी १४८० च्या दशकात पोचली आणि तिथे काचेच्या बाटल्या आल्या त्या त्यानंतरच्या युरोपी व्यापाराबरोबर. जिन नावाचं भूत बाटलीत कोंडण्याच्या अरबी गोष्टी आहेत आणि त्यांच्याकडे बोट दाखवून मूळ आणखी मागे नेणारेही आहेत. कल्पना तितकी जुनी असू शकेल. झाडावर उपड्या बाटल्या हे रूप मात्र अमेरिकेच्या दक्षिणेत ठळक झालं आणि त्याचे फोटो, वर्णनं आपल्याला मुख्यतः विसाव्या शतकातली मिळतात. लेखिका युडोरा वेल्टी जॅक्सनच्याच. त्यांनी मिसिसिपीतल्या सिम्प्सन परगण्यात टिपलेला बाटल्यांच्या झाडांचा फोटो प्रसिद्ध आहे. साधं लाकडी घर, समोर झाडलेलं अंगण आणि बाटल्या घातलेली झाडं. पुढे त्यांच्या एका कथेतही ही झाडं आली.

५. निळ्याच बाटल्या का?

निळ्याच हव्यात असा नियम नाही. जुन्या झाडांवर हिरव्या, तपकिरी, बिनरंगी, सगळ्या असत. पण निळीला मान जास्त, हे खरं.

साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर, बेटांवर गल्ला-गीची समाज राहतो. आफ्रिकी बोली, स्वयंपाक आणि समजुती त्यांनी इतर कोणाहीपेक्षा जास्त टिकवल्या. त्यांच्याकडे ओसरीचं छत, दाराखिडक्यांच्या चौकटी फिक्या निळ्या रंगात रंगवतात. त्या रंगाचं नावच 'हेंट ब्लू'. हेंटला तो रंग पाण्यासारखा किंवा आभाळासारखा दिसतो आणि पाणी त्याला ओलांडता येत नाही, असं सांगतात. बाटलीचा निळा आणि छताचा निळा एकाच समजुतीतले.

निळ्या रंगामागे एक कडू इतिहासही आहे. साउथ कॅरोलायनात १७४० च्या दशकापासून नीळ हे मोठं नगदी पीक झालं आणि ते पिकवलं, कुजवलं, घुसळलं ते गुलामांनी. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर ब्रिटिशांनी निळीसाठी बंगालकडे मोर्चा वळवला. पुढे तिथल्या शेतकऱ्यांचं काय झालं ते आपण शाळेत शिकलो आहोत.

आणि एक अगदी घरगुती कारण. मिल्क ऑफ मॅग्नेशिया हे पोटाचं औषध अनेक वर्षं गडद निळ्या बाटलीत यायचं. ते घराघरांत असायचं, म्हणून निळी बाटली फुकट मिळायची. काचेला तो रंग कोबाल्टमुळे येतो. अगदी चिमूटभर कोबाल्टने अख्खी काच निळी होते आणि तो रंग उन्हात उडत नाही. शेजारच्या झाडावरच्या बाटल्या याच होत्या. एक हातात घेऊन पाहिली होती: गळ्याशी फांदीची साल घासून पांढरट रेघ पडलेली, बुडाशी कुंभारमाशीने लिंपलेलं मातीचं घर आणि त्यातून आरपार दिसणारं ऊन इतकं निळं, की तळहात पाण्याखाली धरल्यासारखा वाटला.

६. कोणतं झाड घेतात?

जुन्या काळी सीडर आणि क्रेप मर्टल ही दोन झाडं जास्त. सीडरच्या आडव्या फांद्या छाटल्या की खुंट्यांसारखे टोकदार खुंट उरतात. क्रेप मर्टल हे मूळ आशियातलं, अमेरिकेच्या दक्षिणेत अठराव्या शतकाच्या अखेरीस पोचलेलं. त्याचं आपल्याशी नातं आहे: ते आपल्या तामणाच्याच कुळातलं. महाराष्ट्राचं राज्यफूल असलेला तामण आणि मिसिसिपीच्या अंगणातलं क्रेप मर्टल शेजारी ठेवलं तर पाकळ्यांची ती चुरगळलेल्या रेशमासारखी चुणी लगेच ओळखू येते.

झाड जिवंतच हवं असं नाही. वाळलेलं खोड, कुंपणाचा खांब, सगळं चालतं. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी सळयांचं असतं (प्रश्न १४ पाहा).

७. वारा सुटला की बाटल्या खरंच घुमतात का?

घुमतात, पण प्रत्येक वाऱ्याला नाही. बाटलीच्या तोंडावरून हवा आडवी गेली की आतली हवा कंप पावते आणि खालचा, लांब सूर निघतो. शाळेत आपण बाटलीवर फुंकर मारून वाजवायचो तोच प्रकार. खुंट गळ्यात घट्ट बसला असेल तर आवाज येत नाही, सैल असेल तर येतो, शिवाय बाटल्या फांदीवर किणकिणतात. आत अडकलेला हेंट कण्हतो आहे, असं यालाच म्हणतात. ऑक्टोबरातल्या एका रात्री तो सूर मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा कारण पूर्ण माहीत होतं, तरी खिडकी लावून घेतली होती.

८. हे फक्त भुतांना पकडण्यासाठीच की आणखी काही अर्थ आहे?

आणखी आहे, आणि मला तोच जास्त खोल वाटतो. कोंगो लोकांच्या कल्पनेत जिवंतांचं जग आणि मृतांचं जग यांच्यामध्ये पाण्याची सीमा असते, तिला ते कालुंगा म्हणतात. पूर्वज त्या पाण्यापलीकडे. त्यामुळे जे चमकतं, जे पाण्यासारखं लकाकतं, ते पूर्वजांशी जोडलेलं: काच, आरसा, शिंपला, पांढरी चिनी माती.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जुन्या कृष्णवर्णीय दफनभूमींत याची खूण दिसते. थडग्यांवर शिंपले, कपबशा, पाण्याची भांडी, दिवे, औषधाच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. माणसाने शेवटी वापरलेल्या वस्तू, आणि त्या मुद्दाम फोडलेल्या किंवा भोक पाडलेल्या. घरातल्या दुसऱ्या कोणी त्याच्यामागून जाऊ नये, साखळी तिथेच तुटावी, म्हणून फोडायच्या असं जुन्या लोकांनी सांगितलेलं १९३० च्या दशकात जॉर्जियात नोंदवलं गेलं. म्हणजे अंगणातल्या झाडावरची बाटली वाईटाला अडवते, आणि त्याच वेळी घराची राखण करणाऱ्या पूर्वजांची आठवणही ठेवते.

९. इंग्लंडमध्येही 'चेटकिणीची बाटली' असते ना? ती आणि ही एकच का?

नाही. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात चेटूक उलटवण्यासाठी दगडी मातीच्या सुरईत खिळे, टाचण्या, केस, नखं आणि लघवी भरून ती चुलीखाली किंवा उंबऱ्याखाली पुरत. ग्रिनिचमध्ये २००४ साली अशी एक बंद सुरई सापडली, प्रयोगशाळेत तपासल्यावर आत हेच सगळं निघालं. ती भरलेली, पुरलेली, गुप्त. बाटल्यांचं झाड रिकामं, उघडं, रस्त्यावरून दिसणारं. युरोपातल्या बागांमधले चकचकीत काचेचे गोळेही वेगळ्या परंपरेतले.

१०. शेतात चुन्याचे ठिपके दिलेलं मडकं उपडं टांगतात, दारावर काळी बाहुली, लिंबू-मिरची बांधतात. हे तेच झालं ना?

हा सर्वाधिक येणारा प्रश्न. प्रोयारच्या वर्णनातलं शेत वाचताना माझ्याही डोळ्यांसमोर आमच्या मामांच्या ज्वारीतलं बुजगावणंच आलं होतं. गरज सारखी आहे: कष्टाने उभं केलेलं नासू नये. पण मागची कल्पना सारखी नाही. आपल्याकडे भीती दृष्टीची आहे, आणि दृष्ट जिवंत माणसाची लागते. मडक्यावरचे ठिपके, बाळाच्या गालावरची तीट हे पहिली नजर स्वतःवर ओढून घेतात. लिंबू-मिरची दर शनिवारी बदलतात, कारण ती शोषून वापरून संपली असं मानतात. बाटली नजर ओढत नाही, ती आत्म्याला कोंडते, आणि काम संपवतं ते ऊन.

दोन्हींमध्ये देवाणघेवाण झाल्याचा काही धागा नाही. 'म्हणजे हे मूळचं आपलंच' असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं. ज्यांच्याकडून नाव, भाषा, मुलंबाळं हिरावली गेली त्यांनी जपलेली ही एक गोष्ट आहे. ती त्यांच्याच नावावर राहू द्यावी.

११. मग कुत्रे येऊ नयेत म्हणून फाटकाला निळ्या किंवा लाल पाण्याच्या बाटल्या लावतात, त्या?

त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. त्या प्लॅस्टिकच्या, पाण्याने भरलेल्या आणि उद्देश अगदी व्यावहारिक. त्याने कुत्रे थांबतात असं मी तरी पाहिलेलं नाही. आमच्या सोसायटीत ते बाटलीला टेकूनच झोपतात.

१२. नर्सरीत 'बॉटल ट्री' मागितलं तर वेगळंच रोप दिलं. का?

कारण फुगीर बुंध्याच्या झाडांना त्या नावाने विकतात, मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या. बॉटलब्रश आणि बॉटल पाम ही आणखी वेगळी. यांपैकी कशाचाही काचेच्या बाटल्यांशी संबंध नाही.

१३. आज ही श्रद्धा उरली आहे का? मी लावलं तर ते दुसऱ्याचं उचलल्यासारखं होईल का?

श्रद्धा विरळ झाली आहे, झाडं वाढली आहेत. अमेरिकेत आता तयार लोखंडी बाटली-झाडं बागेच्या दुकानांत मिळतात आणि ती घेणारे सगळ्या वर्णांचे आहेत. कॅलिफोर्नियात रूट ६६ या जुन्या महामार्गावर ओरो ग्रांडे गावाजवळ एल्मर लाँग यांनी २०० हून जास्त लोखंडी झाडं उभारली. २०१९ मध्ये ते वारले, पण झाडं पाहायला लोक अजून थांबतात. तिथे हेतू पूर्णपणे वेगळा होता: वडिलांनी जमवलेल्या बाटल्यांचं काहीतरी करावं.

शेजारच्या आजींना मी हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी मलाच विचारलं, "कोणी विचारलं तर सांगशील ना, हे कुणाचं आहे?" माझं उत्तर तेच: लावा. पाहुण्याने 'काय छान शोपीस' म्हटलं की त्याला दोन मिनिटं बसवून प्रश्न ३ मधली गोष्ट सांगा. 'भूतबाधा निवारण' म्हणून मात्र विकू नका, आणि कोणाला तसं करायचा सल्लाही देऊ नका.

१४. आपल्याकडे करायचं तर कसं? आणि दारूच्या बाटल्या टांगल्या तर लोक काय म्हणतील?

जिवंत झाडाच्या फांद्या यासाठी छाटू नका. वठलेलं झाड असेल तर उत्तम. नाहीतर वेल्डिंगवाल्याकडून उभ्या जाड सळईवर १०–१२ मिलिमीटरच्या सळयांचे तुकडे वर तिरके जोडून घ्या. तुकडा बाटलीच्या बुडापर्यंत जवळजवळ पोचेल इतका लांब ठेवा, म्हणजे वाऱ्यात बाटली उडणार नाही. टोकाला रबरी टोपी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावा, नाहीतर लोखंडावर आपटून बूड तडकतं. खांब दीड-दोन फूट खोल काँक्रीटमध्ये.

बाटल्या भंगारवाल्याकडे मिळतात. लेबल रात्रभर सोड्याच्या कोमट पाण्यात सुटतं, राहिलेला चिकटा खोबरेल आणि खाण्याचा सोडा कालवून घासला की जातो. निळी काच आपल्याकडे दुर्मीळ, ती थोडी थोडी जमवा. साध्या बाटलीला बाहेरून रंग देऊ नका, उजेड आरपार जात नाही आणि दोन पावसांत पोपडे निघतात.

दारूच्या बाटल्यांचा संकोच मला समजतो, बऱ्याच जणी तो दबक्या आवाजात विचारतात. तसा नियम मुळातही नाही. औषधाच्या तपकिरी, सरबताच्या, ऑलिव्ह तेलाच्या हिरव्या बाटल्यांचं झाड संध्याकाळच्या उन्हात मधासारखं दिसतं.

१५. पावसाळ्यात डास होतील का? उन्हात आग लागेल का?

बाटल्या पूर्ण उपड्या असतील तर पाणी साचत नाही आणि डासही होत नाहीत. आडव्या किंवा तोंड वर असलेल्या बाटलीत मात्र डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. तेव्हा तिरपेपणा पाहून घ्या. अमेरिकेत थंड भागात राहणाऱ्यांनाही हेच: आत पाणी नसेल तर गोठून काच तडकत नाही.

आगीचा धोका पाण्याने भरलेल्या बाटलीला, कारण ती भिंगासारखी ऊन एकवटते. रिकामी तसं करत नाही. तरी खाली वाळकं गवत साचू देऊ नका. कोकणात मे महिन्याच्या शेवटी बाटल्या उतरवून ठेवा आणि नवरात्रात परत लावा.

१६. बाटली फुटली तर अपशकुन का?

प्रत्येक घराचं उत्तर वेगळं. शेजारच्या आजी फुटलेली बाटली काढून कुंपणाच्या कोपऱ्यात पुरत आणि त्याच दिवशी त्या खुंटावर दुसरी घालत. खुंट उघडा ठेवायचा नाही, एवढंच त्या सांगत.

१७. तुमच्याकडे आहे का बाटल्यांचं झाड?

नाही. आजींनी निघताना एक निळी बाटली दिली होती, झाडावरूनच उतरवून. बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून आणली. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत ती उपडी ठेवली आहे, एका जुन्या लाटण्यावर. सकाळी साडेसातच्या सुमाराला तिचा निळा ठिपका ओट्यावर पडतो आणि चहा होईपर्यंत गॅसच्या शेगडीपर्यंत सरकतो. आतलं कुंभारमाशीचं घर मी काढलेलं नाही.